आरमाराचा इतिहास कोणाचा?

भोर तालुक्यातील आंबवडे हे गाव समुद्रापासून दूर, रायरेश्वराच्या पायथ्याच्या डोंगरी मुलुखात वसलेले आहे. नागेश्वराचे जुने मंदिर, पंतसचिवांच्या अमदानीतला झुलता पूल आणि भोवतालची गर्द झाडी यांमुळे पुण्याकडची मंडळी सुट्टीच्या दिवशी तेथे येतात, हिंडतात-फिरतात आणि परत जातात. त्यांतील किती जण तेथल्या समाध्यांपाशी घटकाभर थांबतात हा प्रश्न वेगळा. या गावच्या परिसरात कान्होजी जेधे यांची समाधी आहे. शंकराजी नारायण सचिव यांची आहे. आणि अफझलखानाच्या भेटीच्या वेळी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, सय्यद बंडाचा वार अडविणाऱ्या जिवा महालाचीही आहे. कान्होजी हे बारा मावळांतील मातब्बर देशमुख, शंकराजी हे स्वराज्याचे सचिव आणि भोर संस्थानाचे मूळ पुरुष, तर जिवा महाला हा नाभिक समाजातला एक लढवय्या. वतनदार, मुत्सद्दी आणि शिपाईगडी अशा तिघांचे दगड एका गावच्या शिवारात असावेत, यामागे कोणाचीही योजना नव्हती, समिती नव्हती, अंदाजपत्रकात तरतूदही नव्हती. परंतु आंबवड्याच्या पोराला इतिहास सांगायचा झाला तर तो एकट्या देशमुखाचा सांगता येत नाही, ही गोष्ट त्यामुळे आपोआपच सिद्ध झाली आहे.

हीच कसोटी मुंबईच्या गोदीकाठाला लावून पाहावी. देशाच्या आरमाराचा इतिहास जेथे घडला आणि जेथे तो मांडून दाखविण्याचे प्रयत्न गेली काही दशके चालू आहेत, तेथे कोणाची आठवण ठेवली जाते आणि कोणाची पुसली जाते, हा प्रश्न डोंगरातल्या माणसाने विचारण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. कारण आहे. भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागते आणि महाडपासून सावित्रीच्या खाडीने बाणकोटला समुद्र भेटतो. याच घाटवाटांनी शतकानुशतके कोकणातले मीठ आणि मासळी बैलांच्या पाठीवरून देशावर चढत होती. पुढे पोटाची खळगी भरण्यासाठी भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या तालुक्यांतली माणसे मुंबईला गेली. गिरण्यांत, बाजारपेठांत, गोदीवर त्यांनी घाम गाळला. मुंबईच्या बंदराचा इतिहास हा त्यांच्याही घरचा इतिहास आहे. त्यांच्या मुलानातवंडांची शाळेची सहल जेव्हा गेटवे ऑफ इंडियापाशी उतरते, तेव्हा तिला काय दाखविले जाते याच्याशी आंबवड्याचा संबंध पोहोचतो तो असा.

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम आठवते ती ‘विक्रांत’. ही विमानवाहू नौका मूळची ब्रिटिशांची. इंग्लंडच्या ईशान्य भागात टाईन नदीकाठी ती बांधली जात होती आणि १९४५ साली ‘हर्क्युलिस’ या नावाने पाण्यात सोडली गेली. युद्ध संपल्यामुळे अर्धवटच राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला ती पुरी झाली आणि १९६१ साली भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने काय केले ते सर्वश्रुत आहे. चितगाव आणि कॉक्स बाजार येथील तळांवर तिच्याच विमानांनी हल्ले चढविले. परंतु त्या वेळी तिच्या चार बॉयलरांपैकी एक निकामी होता आणि उरलेल्या तिघांवर ती युद्धात उतरली होती, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. विमानांची छायाचित्रे निघतात. तळाशी, उष्णतेच्या भट्टीत उभे राहून वाफेचा दाब सांभाळणाऱ्यांची छायाचित्रे कोण काढणार? ३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली आणि तिचे तरंगते वस्तुसंग्रहालय करण्याचे ठरले. मुंबईच्या बंदरात ती उभी राहिली, ठराविक काळापुरती लोकांना खुली होत राहिली. सामान्य माणसाला, शाळकरी मुलाला युद्धनौकेच्या पोटात शिरून पाहण्याची संधी या राज्यात प्रथमच मिळत होती. तिच्या कायम निवाऱ्याची व देखभालीच्या पैशाची तरतूद मात्र कोणत्याही सरकारने केली नाही. घोषणा सर्वांनी केल्या. या बाबतीत काँग्रेसचे सरकार आणि शिवसेना-भाजपचे सरकार यांच्यात डावे-उजवे करण्याजोगे काही नाही. २०१२ साली धोकादायक ठरवून ती लोकांना बंद करण्यात आली, संग्रहालय चालविणे परवडत नाही असे राज्य सरकारने कळविले आणि २०१४च्या सुरुवातीस सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारवाल्याच्या हवाली झाली. न्यायालयात दाद मागणाऱ्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळली गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात माझगावजवळच्या दारूखान्यात तिची मोडतोड सुरू झाली. तिच्या पोलादाचा काही अंश वापरून २०१६ साली एका बड्या कंपनीने मोटारसायकल बाजारात आणली आणि देशभक्तीच्या नावाने तिचा खप वाढविला. लायन गेटजवळ त्याच वर्षी विक्रांतच्या पोलादातून घडविलेले एक छोटे स्मारक उभे राहिले. सुमारे साडेएकोणीस हजार टनांच्या नौकेचे जनतेच्या वाट्याला आले ते एवढेच.

याच्या जोडीला आणखी एक हकीकत ठेवली म्हणजे तिची खरी चव कळते. १८१७ साली मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानाची एक युद्धनौका ब्रिटिश नौदलासाठी बांधली गेली. ‘त्रिंकोमाली’ तिचे नाव. दोनशेहून अधिक वर्षांनंतरही ती पाण्यावर उभी आहे. मात्र मुंबईत नव्हे, इंग्लंडमधील हार्टलपूल या बंदरात. जहाजबांधणीचा व्यवसाय बुडालेल्या त्या गावाने ती दुरुस्त केली, आणि आज ती तेथील वस्तुसंग्रहालयाचे मुख्य आकर्षण आहे. मुंबईच्या सुतारांनी बांधलेली नौका ज्या किनारपट्टीवर जपली गेली, त्याच किनारपट्टीवर बांधलेली नौका मुंबईने मोडून विकली. हे लिहिताना साम्राज्याच्या जतनप्रेमाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. त्रिंकोमाली ही मूळची सागवानाच्या आणि मजुरीच्या लुटीची खूण आहे आणि तिच्यासाठी मलबारच्या जंगलात झाडे तोडणाऱ्यांची नावे हार्टलपूललाही कोणाला ठाऊक नाहीत. तथापि गरीब देशाला हे परवडत नाही, ही सबब टिकत नाही. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही निवृत्त पाणबुडी २००२ सालापासून लोकांसाठी उभी आहे. त्या वेळचा आंध्र प्रदेश महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नव्हता.

विक्रांतच्या अनुभवातून शहाणपण आले असते तर पुढची गोष्ट घडली नसती. ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका २०१७च्या मार्चमध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळाने २०१८च्या नोव्हेंबरात मंजुरी दिली. आकडा मोठा होता, वर्तमानपत्रांत मथळे आले. दोन वर्षे होण्यापूर्वीच ती नौका गुजरातमध्ये अलंगच्या भंगार किनाऱ्याला लागली होती. किंमत ३८ कोटींच्या आसपास. ज्यांना ८५२ कोटींची मंजुरी देता येते त्यांना ३८ कोटींचे लोखंड राखता येत नाही, तेव्हा मंजुरी कशासाठी असते हे वेगळे सांगण्याचे कारण उरत नाही.

पण नौका वाचली असती तरी सारे भागले असते काय? येथे मूळ प्रश्नाला हात घातला पाहिजे. मुंबईत सागरी इतिहास मांडण्याचे प्रयत्न मुळीच झाले नाहीत असे नाही. बॅलार्ड इस्टेटमधील गेटहाऊस या १९२० सालच्या देखण्या वास्तूचे जतन करून तेथे नौदलाने लहानसे संग्रहालय मांडले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आरमारी संग्रहालयांची जगभरची रीत पाहिली तर त्यांत नौकांच्या प्रतिकृती असतात, तोफा असतात, सेनापतींची तैलचित्रे असतात, पदके असतात. जहाज आपोआप चालते, तोफ आपोआप उडते आणि लढाई सेनापतीच्या मनात जिंकली जाते, असा समज घेऊन मूल बाहेर पडते. तांडेल, आगवाले, खलाशी, भंडारी, धोबी, गोदीतले सुतार आणि हमाल यांच्याखेरीज कोणतेही गलबत बंदर सोडू शकत नाही ही साधी वस्तुस्थिती काचेच्या कपाटात मावत नाही. ती मावू दिली जात नाही, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

मुंबईच्या बाबतीत तर हे मौन विशेष खटकते. कारण या बंदराच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी पाच-सहा दिवस कोण्या दर्यासेनापतीचे नाहीत. ते साध्या नाविकांचे आहेत. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील ‘तलवार’ या संदेशवहन-शिक्षणाच्या केंद्रातील नाविकांनी अन्नाला नकार दिला. निकृष्ट जेवण हे निमित्त होते. गोऱ्या खलाशांपेक्षा कमी पगार, युद्ध संपल्यावर वाऱ्यावर सोडून दिले जाण्याची भीती आणि कमांडर किंग या अधिकाऱ्याच्या तोंडची वर्णद्वेषी शिवीगाळ ही खरी कारणे होती. त्याआधीच बी. सी. दत्त या तरुण नाविकाला भिंतींवर ब्रिटिशविरोधी घोषणा लिहिल्याबद्दल अटक झाली होती. दुसऱ्या दिवशी बंदरातील जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरले आणि काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कामगारांचा लाल असे तीन झेंडे एकत्र चढले. नाविकांनी मध्यवर्ती संप समिती निवडली. तिचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. पुढे देशाची फाळणी करणाऱ्या राजकारणाच्या ऐन भरात एक मुसलमान आणि एक शीख यांनी मिळून चालविलेला हा उठाव होता. त्यांच्या मागण्यांत चांगल्या अन्नाबरोबरच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणण्याची मागणीही होती. आपल्या ताटातल्या खड्यांविषयी तक्रार करणाऱ्या विशीतल्या पोरांना जावामधल्या माणसांच्या स्वातंत्र्याचीही चिंता वाटावी, हे साम्राज्यवादाचे शिक्षण त्यांना कोणत्या शाळेत मिळाले होते? ते मिळाले होते जहाजावर. दुसऱ्या महायुद्धात याच पोरांनी अर्धे जग पाहिले होते.

पाहता पाहता ७८ जहाजे, किनाऱ्यावरची २० केंद्रे आणि सुमारे २०,००० नाविक या उठावात सामील झाले. २१ फेब्रुवारीला कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. हट्ट सोडला नाही तर सबंध नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर, अशी धमकी अ‍ॅडमिरल गॉडफ्रे याने रेडिओवरून दिली. त्या दिवशी गेटवेपाशी मुंबईकरांनी काय केले ते प्रत्येक शाळेच्या पुस्तकात असायला हवे होते. अडकून पडलेल्या नाविकांसाठी लोकांनी फळे, पाव, दूध, घरचे डबे आणले. हॉटेलवाल्यांनी हात आखडला नाही. पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई पाहत राहिले आणि जहाजांवरून आलेल्या छोट्या होड्या ते अन्न घेऊन गेल्या. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून मुंबई बंद पडली; अरुणा असफ अली आणि त्यांच्याबरोबरचे समाजवादी उघडपणे नाविकांच्या बाजूने उभे राहिले. तीन लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. लष्कर आणि पोलीस यांनी गोळ्या चालविल्या. परळ भागात कमल दोंदे ही कार्यकर्ती बळी पडली. सरकारी आकड्यांप्रमाणेच मुंबईत २२८ नागरिक मारले गेले आणि हजाराहून अधिक जखमी झाले. २३ फेब्रुवारीस सरदार पटेल आणि जिना या दोघांच्याही सल्ल्यावरून नाविकांनी संप मागे घेतला. कोणावर सूड उगवला जाणार नाही असे आश्वासन त्यांना मिळाले होते. ते पाळले गेले नाही. शेकडो नाविक बडतर्फ झाले आणि स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले, ना पाकिस्तानच्या.

या उठावाविषयी अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. डाव्या चळवळीतील काही मंडळी असे सांगतात की, या एका घटनेने इंग्रज देश सोडून गेले. १९ फेब्रुवारीस ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कॅबिनेट मिशनची घोषणा झाली हे खरे. परंतु ते पाठविण्याचा निर्णय उठावाच्या आधीच झालेला होता. एकाच दिवशी घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडून देणे हे भाबडेपणाचे आहे आणि शत्रूच्या हाती कोलीत देणारेही आहे. काँग्रेसच्या नेत्यांनी विश्वासघातच केला, एवढ्या एका वाक्यात सारे गुंडाळणेही बरोबर नाही. संप समितीपुढे पुढचा कार्यक्रम नव्हता आणि तोफांच्या माऱ्यापुढे ती किती दिवस टिकली असती हा प्रश्न पटेलांच्या मनात आला असेल तर तो अगदीच वावगा नव्हता. पण एवढे सारे वजा जाता जे उरते ते मोठेच आहे. साम्राज्याची तलवार ज्या हातांत होती, त्या हातांनीच ती खाली ठेवली. आणि हातात तलवार नसलेली मुंबई त्यांच्यासाठी छातीवर गोळ्या झेलावयास उभी राहिली.

नौदलाची अडचण समजण्याजोगी आहे. शिस्त हा ज्या संस्थेचा पाया, तिने हुकूम मोडणाऱ्यांचा गौरव कसा करावा? तरीही येथे श्रेय द्यावयास हवे: कुलाब्यात २००१ साली या उठावाचे स्मारक नौदलाच्याच पुढाकाराने उभे राहिले. ज्यांना सरकारने पन्नासहून अधिक वर्षे अडगळीत टाकले होते त्यांना गणवेशधाऱ्यांनी आधी सलाम केला, ही गोष्ट राजकीय पक्षांना लाज आणणारी आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेत या उठावाचा समावेश झाला, तोही बराच उशिरा. १९७२च्या आधी अशी केंद्रीय योजनाच नव्हती. तोपर्यंत बडतर्फीचा शिक्का घेऊन नोकरी शोधत हिंडलेल्या नाविकांच्या तारुण्याची भरपाई त्या पैशाने कशी व्हावी? परंतु स्मारक म्हणजे इतिहास नव्हे. चौथऱ्यावर फूल वाहून पुढे जाता येते. त्या पोरांच्या मागण्यांचा कागद, त्यांचे ताट, त्यांना मिळणारा पगार आणि गोऱ्यांना मिळणारा पगार, जहाजावर चढलेले तीन झेंडे, गेटवेपाशी आलेली भाकरी — हे मांडून दाखविणारी कायमची जागा मुंबईच्या बंदरावर अद्यापि नाही. २०१७ साली या उठावावरचे एक प्रदर्शन-शिल्प मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काही काळ मांडले गेले होते. ते कलावंतांनी केले. शासनाने नव्हे.

शासनाला आरमाराचा पुळका नाही असे मात्र म्हणता यावयाचे नाही. २०२२ साली नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेपासून स्फूर्ती घेतलेली अष्टकोनी मुद्रा आली. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन सिंधुदुर्गाच्या साक्षीने साजरा झाला आणि मालवणच्या राजकोटावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही तो टिकला नाही. त्याच्या समोरच्या समुद्रात, १६६४ साली पायाभरणी झालेला जलदुर्ग साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत उभा आहे. या दुर्घटनेवर पुष्कळ लिहून झाले आहे, त्यात भर घालण्याची गरज नाही. मुद्दा दुसराच आहे. शिवाजी महाराजांच्या आरमाराचे नाव घेऊन जे राजकारण चालते, त्याला त्या आरमारातील माणसे नको आहेत. दर्यासारंग आणि दौलतखान हे त्या आरमाराचे सरदार होते. मायनाक भंडारी होता. कोळी, भंडारी, गाबीत, किनाऱ्यावरचे मुसलमान यांच्या हाडामासाचे ते आरमार होते. १६७९ साली खांदेरीच्या बेटावर इंग्रजांची नाकेबंदी चुकवून रात्रीच्या अंधारात छोट्या होड्यांतून सामान पोहोचविणारे हेच लोक. इंग्रजांची मोठी जहाजे जेथे शिरू शकत नसत तेथे या होड्या वल्ह्यांच्या बळावर सटकून जात. हा समुद्र ज्यांना ठाऊक होता त्यांची ती करामत होती. आज त्यांचेच वंशज मासेमारीचे हक्क, किनारपट्टीवरचे प्रकल्प आणि कोळीवाड्यांच्या सीमा यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत आहेत. पुतळ्याला पैसा आहे; कोळीवाड्याच्या मोजणीला वेळ नाही.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराची सुमारे १,८०० एकर जमीन आहे. मालवाहतुकीचा मोठा भाग न्हावा-शेव्याला गेल्यापासून या जमिनीवर बिल्डरांचे आणि नियोजनकारांचे डोळे लागले आहेत, आणि बॅलार्ड पिअरला श्रीमंत प्रवाशांच्या क्रूझ जहाजांसाठी भव्य टर्मिनल उभे राहिले आहे. त्याच जमिनीवर १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजातील सुमारे १,४०० टन स्फोटके उडाली आणि शेकडो माणसे मेली. आग विझविताना ६६ अग्निशामक जवान गेले. त्याच जमिनीवर पी. डिमेलो यांनी गोदी कामगारांची संघटना बांधली आणि रोजंदारीवर, मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाला कामाची हमी मिळवून देण्याची लढाई लढली. १९४८चा गोदी कामगार कायदा आणि पुढे १९६९ साली महाराष्ट्रात झालेला माथाडी कायदा हे एकाच झाडाचे फळ आहे. दारूखान्यात जहाजे फोडणारे मजूरही त्याच जमिनीवरचे. विक्रांतची फाळकी कापणाऱ्या हातांत पुरेसे हातमोजे तरी होते काय, हे मोटारसायकलच्या जाहिरातीत कोणी सांगितले नाही. ही जमीन मोकळी होईल तेव्हा तिथे सागरी इतिहासाचे संग्रहालय व्हावे अशी मागणी केली तर ती मान्यही होईल. उपाहारगृहाच्या आणि नौकाविहाराच्या शेजारी शोभेची वस्तू म्हणून तशी जागा बिल्डरालाही हवीच असते. तेव्हा नुसते संग्रहालय मागून भागणार नाही. त्यात काय असावे, तिकीट किती असावे, पाट्या मराठीत असाव्यात की इंग्रजीत, भोरच्या शाळेची सहल दिवसभर तेथे बसून आपली भाकरी खाऊ शकेल की नाही, हे आजच बोलले पाहिजे.

चळवळीतील काही ज्येष्ठांना हा सारा खटाटोप मध्यमवर्गीय हौसेचा वाटेल. नीरा-देवघरच्या विस्थापितांचे प्रश्न उभे असताना मुंबईच्या संग्रहालयात काय आहे याची उठाठेव कार्यकर्त्याने कशाला करावी? आक्षेप प्रामाणिक आहे; पण त्यात एक गफलत आहे. धरणग्रस्ताला त्याची जमीन मागताना सर्वांत मोठी अडचण येते ती कागदाची. तो तेथे होता, त्याचे घर तेथे होते, हे सिद्ध करण्याची. ज्याची नोंद नाही त्याचा हक्क नाही, ही राज्यकर्त्यांची रीत. इतिहासातही तीच चालते. नोंदीसाठी लढणे आणि जमिनीसाठी लढणे ही दोन कामे वाटतात तितकी दूर नाहीत.

या संदर्भात मुंबईच्याच एका वास्तूकडे लक्ष वेधणे जरूर आहे. मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातील हिंदी नाविकांच्या नावांची नोंदही तेथे आहे. रत्नागिरीचे, चितगावचे, सिल्हेटचे हे आगवाले आणि खलाशी. जिवंत असताना ज्यांना गोऱ्या खलाशाच्या मानाने अत्यल्प वेतन दिले, त्यांची नावे मेल्यानंतर साम्राज्याने लिहून ठेवली. कारण ते साम्राज्यासाठी मेले होते. जे साम्राज्याविरुद्ध मेले, ते २२८ जण मात्र अद्याप आकड्यातच आहेत. कमल दोंदे यांच्यासारखी काही थोडी नावे कार्यकर्त्यांच्या आठवणीत राहिली. बाकीचे गिरणीतून सुटून घरी निघालेले, चाळीच्या जिन्यावर उभे असलेले, लालबाग-परळ-भेंडीबाजारातले लोक कोण होते? त्यांतील किती जण घाटावरून आलेले होते? भोर, वेल्हे, साताऱ्याकडच्या कोणत्या घरात १९४६च्या फेब्रुवारीनंतर मनीऑर्डर येणे बंद झाले? त्या दिवसांत शहाणीसुरती असलेली माणसे आता नव्वदीत आहेत. पण त्यांच्या मुलांना, सुनांना ऐकलेले आठवत असते, आणि ट्रंकेच्या तळाशी गिरणीचा बिल्ला किंवा जुने पत्र अजून सापडते.

हे काम सरकारच्या मंजुरीवाचून होण्यासारखे आहे. भोर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातून मुंबईला गेलेल्यांची यादी घराघरांतून करावी. कोण गोदीत, कोण गिरणीत, कोण माथाडी, कोणते वर्ष, कोणती चाळ. त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या फायली ग्रंथालयांतून उघड्या आहेत. त्यांत मृतांची आणि जखमींची नावे तुकड्या-तुकड्यांनी छापून आलेली आहेत. मुंबईतील कामगार संघटनांच्या कचेऱ्यांनी आपली जुनी दप्तरे वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी एकदा उलगडावीत. पुढील फेब्रुवारीत गेटवेपाशी सभा घ्यावयाची असेल तर भाषणे कमी ठेवून, तोवर मिळालेली नावे गावानिशी वाचून दाखवावीत.